केमोच्या तारखा आणि यात्रेच्या तारखा

आमच्या गावची महालक्ष्मी यात्रा कित्येक वर्षांनी भरणार होती आणि नेमक्या त्याच हंगामात माझी केमोथेरपी सुरू झाली. बेळगाव तालुक्यातल्या माणसाला यात्रा म्हणजे काय ते सांगायला नको. वर्षभर आधीपासून घरं पाडून बांधायला घेतात, कौलं उतरून स्लॅब पडतात, सोसायटीतून कर्जं निघतात. माहेरवाशिणी, सोयरेधायरे, त्यांच्या ओळखीचे, असा सगळा गोतावळा घरोघरी उतरणार असतो. आम्हीही मागचं स्वयंपाकघर पाडून नवं बांधायचं ठरवलं होतं. चिरे सांगून झाले होते, गवंड्याला इसार दिला होता. थोरल्याची दहावी होती. आणि स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: आधी चार डोस, दर 21 दिवसांनी एक, मग दुसरं औषध, दर आठवड्याला एक, असे 12 आठवडे.

ऑपरेशनबद्दल इथे लिहीत नाही. केमोच्या खोलीबाहेर बसलेल्या बायका मला एकच विचारायच्या: औषधाचं डॉक्टर बघतील, पण घराचं कसं करतेस? त्याचंच लिहिते.

रिपोर्ट आल्यापासून घरात सगळे माझ्यासमोर हळू आवाजात बोलायला लागले. सोप्यात बैठक बसायची, गवंडी यायचा, हिशेब व्हायचे, आणि मी आतल्या खोलीत. काही विचारलं तर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "तू कशाला त्या इचारात पडतीस? तू नुसती पडून ऱ्हा." त्यांची माया मला कळत होती. पण पडून राहिलं की डोक्यात दुखण्याशिवाय दुसरं काही येत नाही. शेवटी मी ह्यांना सांगितलं, "जे ठरवायचं ते माझ्या खाटेपाशी बसून ठरवा. थकले तर मी सांगीन." जाऊबाईंनी माझी बाजू घेतली. त्या दिवसापासून बैठक आत आली, आणि माझ्या मते आमचं निम्मं काम तिथेच झालं. आजारी बाईच्या हातचं काम काढून घ्यावं, तिचा शब्द काढून घेऊ नये.

मग भिंतीवरच्या कालनिर्णयावर आम्ही दोन्ही तारखा मांडल्या. पोरानं स्केचपेन आणले. डोसचा दिवस लाल, यात्रेचे वार हिरवे, दहावीचे पेपर निळे. यात्रेआधी मंगळवार-शुक्रवारचे वार पाळतात, त्या दिवशी शिवारातली कामं बंद असतात, तेही मांडले. पहिला डोस पार पडल्यावर 21 दिवसांचा मेळ लक्षात आला. डोसबरोबर स्टिरॉइड देतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस झोप येत नाही आणि अंगात उसनं बळ येतं. रात्री दोनला उठून डबे घासावेत असं वाटतं. ते बळ खर्च करू नका, कारण पुढचे तीन-चार दिवस अंथरुणातून उठवत नाही. मी त्या जागरणाच्या रात्री वही घेऊन बसायची आणि याद्या करायची: पाहुणे किती, तांदूळ किती, कुणाला साडी, कुणाला टोपी-टॉवेल. दुसऱ्या आठवड्यात जरा बरं वाटायला लागतं, पण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. वरून माणूस बरा दिसतो आणि आतून उघडा पडलेला असतो. तिसरा आठवडा मात्र माझा. बँक, बाजार, पोराच्या शाळेतली भेट, सगळं त्याच आठवड्यात.

आता बांधकामाचं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं की घरात भिंत पाडायची आहे, चालेल का. त्यांनी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. जुन्या भिंती, ओलसर माती, कुजका भुसा यात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बारीक कण असतात. धडधाकट माणसाच्या श्वासातून ते रोज जातात, काही होत नाही. पण पांढऱ्या पेशी कमी असताना तेच फुफ्फुसात मूळ धरू शकतात. आमचं मागचं स्वयंपाकघर म्हणजे मातीच्या भिंती आणि किती पावसाळ्यांची ओल.

घरी हे सांगितल्यावर दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. यात्रेला लोक येणार आणि आपलंच घर जुनं, हे ह्यांना सोसवत नव्हतं. कुणी सुचवलं, तू माहेरी जा, तेवढ्यात आम्ही पाडून बांधतो. माझं माहेर चंदगड तालुक्यात, आत खेड्यात. ते मला मान्य नव्हतं. केमोत ताप 100.4 झाला की सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा असतो, आणि तिथून रात्री गाडी मिळून बेळगावला पोचेपर्यंत तास-दीड तास सहज जाईल. शेवटी बैठकीत ठरलं की स्वयंपाकघराला हात लावायचा नाही. पुढच्या सोप्याची कौलं परतायची, भिंतींना रंग द्यायचा, आणि ते चालू असताना मी बेळगावातल्या शहापूरला नणंदेकडे राहायचं. तिथून दवाखाना जवळ. चिरे परसात उतरून ताडपत्री टाकून ठेवले. सोप्याचा रंग मी नणंदेकडे बसून मोबाइलवर पसंत केला. पोरगं भिंतीवर पट्टे मारून, उन्हात एकदा आणि बल्ब लावून एकदा असं दाखवत होतं, आणि आत्या मागून "पिवळाच घ्या" म्हणत होत्या. पिवळाच घेतला.

ताप आलाच. दुसऱ्या डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री. पोरानं थर्मामीटर लावला, 100.6. गोळी घेऊन झोपावं असं कुणालाही वाटतं, पण न विचारता पॅरासिटामॉल घेतली तर ताप झाकला जातो आणि आतलं दुखणं वाढत राहतं, हे आम्हाला आधीच बजावलं होतं. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात पोचल्यावर "केमो चालू आहे" हे पहिलं वाक्य बोलायचं आणि केमोची फाइल समोर धरायची, म्हणजे ओळीत थांबवत नाहीत. रक्त तपासलं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाली, आणि काही दिवस ठेवून घेतलं. पेशी वर आल्या नाहीत म्हणून पुढचा डोस आठवडाभर लांबला. तिथून पुढे प्रत्येक डोसच्या दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन मिळालं. त्यानं कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, पण पुन्हा ताप आला नाही.

एक डोस सरकला की पुढचे सगळे लाल गोल सरकतात. चौथा डोस नेमका दहावीच्या पहिल्या पेपरच्या आठवड्यात येऊन पडला. पोराला आम्ही काही लपवलं नाही. त्याला म्हटलं, "त्या आठवड्यात मी उठणार नाही, तुला सोडायला फाटकापर्यंतही येणार नाही. ते दुखण्यामुळे नाही, औषधामुळे आहे, आणि पुढच्या आठवड्यात मी बसलेली दिसेन." तारीख कळली की मुलांना धीर येतो. त्याचा डबा, कपडे, पहाटे उठवणं जाऊबाईंनी घेतलं. माझ्याकडे एकच काम ठेवलं होतं, रात्री त्याची इतिहासाची उत्तरं पडल्या पडल्या ऐकायची. तेवढं झालं की मी डोळे मिटायची.

घरात छोट्या छोट्या गोष्टी बदलाव्या लागल्या. पहिल्या चार डोसात एक औषध लालभडक असतं, त्यानं एक-दोन दिवस लघवीही लाल होते, घाबरायचं नाही. पण औषध अंगातून बाहेर पडतं म्हणून दोन दिवस संडासात जास्त पाणी ओतायचं, आणि माझे कपडे, चादरी वेगळ्या, हातमोजे घालून धुवायच्या. फोडणीचा वास मला उभा राहू देत नव्हता, मग तेवढे दिवस शेगडी परसात. स्टीलच्या तांब्यातलं पाणी लोखंडासारखं लागायचं, काचेच्या ग्लासातलं चालायचं. तोंड आलं तेव्हा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि नाचण्याची पेज. बासमतीचा मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेली रताळी हे जात होतं. कापून ठेवलेली फळं, बाहेरचं ताक, कच्ची कोशिंबीर बंद. आत्यांनी कुणाकडून तरी काढा आणला होता, तोही मी डॉक्टरांना विचारूनच बाजूला ठेवला. त्या रागावल्या नाहीत, "डाक्टर म्हणतो तर ऱ्हाऊ दे" म्हणाल्या.

केस दुसऱ्या डोसच्या सुमाराला गेले. उशीवर झुबके बघण्यापेक्षा काढून टाकलेले बरे म्हणून जाऊबाईंनी मशीन फिरवलं. आत्यांच्या पिढीला बाईचं तुळतुळीत डोकं बघणं फार जड, त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही येतं. त्या उठून परसात गेल्या. थोड्या वेळानं आल्या त्या स्वतःचं मऊ सुती लुगडं फाडून, डोक्याला बांधायला पट्ट्या घेऊन.

पैशाचंही सांगायला हवं, कारण घराचा बेत शेवटी तिथेच अडतो. आमचं रेशन कार्ड बीपीएल आहे. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. इतरांना पॅकेजच्या 30 टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. त्यामुळे मोठा खर्च निघाला. पण रक्ततपासण्या, येण्याजाण्याची गाडी, वरची औषधं, पौष्टिक खाणं हे खिशातूनच जातं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून घरच्या बाईला मिळणारे महिन्याचे 2000 आम्ही त्यासाठीच बाजूला काढले. चांगल्या आठवड्यात सरकारी बसनं गेले तर बायकांसाठीच्या शक्ती योजनेमुळे तिकीट लागत नव्हतं; पेशी कमी असताना मात्र बस नको आणि वडापही नको, तिथे गाडीचे पैसे द्यायलाच हवेत. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजनाही लागू केली आहे, कोल्हापूर-मिरजेकडे उपचार घेणाऱ्यांनी तिथे चौकशी करावी. बांधकामाचे पैसे आम्ही मोडले नाहीत. चिऱ्यांवर गेले ते गेले, बाकीचे संघात तसेच ठेवले, आणि हे मी हट्टानं केलं. त्या पैशाला हात लागला असता तर घरातल्या सगळ्यांनी मनात धरलं असतं की आता नवं काही व्हायचं नाही.

यात्रेचा विषय निघाला की डॉक्टर हसायचे, कारण त्यांच्याकडे सगळ्याच गावचे पेशंट. तोवर माझी आठवड्याची औषधं सुरू झाली होती. त्यात पेशी आधीइतक्या खाली जात नाहीत. त्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी अटी घालून परवानगी दिली: गर्दीत शिरायचं नाही, मास्क काढायचा नाही, भंडाऱ्यापासून लांब. यात्रेत भंडारा कसा उधळतात ते बघितलेल्याला ही अट कळेल. रथ निघतो तेव्हा समोरचा माणूस दिसत नाही इतकी हळद हवेत असते.

म्हणून रथ मी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून, वाऱ्याची दिशा बघून, मास्क लावून पाहिला. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या मांडलेल्या बैठकीवर, बसल्यावर एका पहाटे, लोक उठायच्या आधी, आम्ही घरच्या चौघी जाऊन ओटी भरून आलो. पाहुण्यांची व्यवस्था ठरल्याप्रमाणे झाली. जेवणाच्या पंगती परसाच्या बाजूला मांडवात, माझी खोली पुढे आणि दाराला पडदा. भेटायला येणाऱ्यांना नणंद दारातच विचारायची, "सर्दी-खोकला न्हाई न्हवं?" आणि हात धुवायला साबण पुढे करायची. काहींना ते लागलं. लागू दे, म्हटलं मी, नंतर समजावू. जुनं स्वयंपाकघर बघून कुणी काही बोललं नाही. बोलले असतील तर माझ्यापर्यंत आलं नाही. माहेरवाशिणींच्या साड्या माझ्या यादीतल्याच निघाल्या.

या दुसऱ्या औषधानं बोटांची टोकं बधिर झाली. भाकरी थापताना पीठ ओलं की सुकं ते कळेना, तव्याचा चटका उशिरा कळायचा. मग तव्याला हात लावणं बंद आणि पाण्याचा गरमपणा कोपरानं बघायचा. ब्लाउजची हुकं नणंदेनं काढून पुढे बटणं लावून दिली. हे डॉक्टरांना वेळेवर सांगायचं असतं, गरज पडली तर ते मात्रा कमी करतात. माझी एकदा केली.

भात लावणीच्या दिवसांत रेडिएशन झालं. बोटं अजून पुरती सुधारलेली नाहीत. स्वयंपाकघर सुगी आटोपली की पाडायचं ठरलंय, तोवर पेशींचा रिपोर्ट पुन्हा एकदा दाखवून घेणार आहे, आणि पाडायच्या आठवड्यात मी नणंदेकडेच असेन. दर तीन महिन्यांच्या तपासणीच्या तारखा गवंड्याला आधीच सांगितल्या आहेत. त्या दिवशी स्लॅब धरायचा नाही, कारण स्लॅबच्या दिवशी मला घरी हजर राहायचं आहे.