तुम्ही विचारलंत म्हणून: ‘इन कॅमेरा’मध्ये कॅमेरा कुठे असतो?

‘वकीलबाई, इन कॅमेरा म्हणजे माझी साक्ष शूट करणार का?’ पक्षकार बायका हे विचारतात, त्यांच्या आया विचारतात. काही जणी विचारतही नाहीत, नुसत्या गप्प होतात, आणि त्यांचीच मला जास्त काळजी वाटते. म्हणून आधी उत्तर: नाही. इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड. न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील, आरोपी आणि कोर्टाचे लागतील तेवढे कर्मचारी आत राहतात. बघ्यांना बाहेर काढतात. पोलिसांसमोरचा जबाब कधी कधी चित्रित होतो, पण ती बाब वेगळी.

मग हा शब्द आला कुठून? ग्रीकमध्ये ‘कमारा’ म्हणजे कमानदार छत. लॅटिनने त्याचं ‘कामेरा’ केलं. आधी अर्थ होता घुमटाकार छत, पुढे त्या छताखालची खोली. फ्रेंचांचं ‘शांब्र’, इंग्रजांचं ‘चेंबर’, जर्मनांचं ‘कामर’ ही सगळी त्याचीच रूपं. पोर्तुगीज ‘कामरा’वरून हिंदीतला, आपल्याही ओळखीचा ‘कमरा’ आला. पोर्तुगीज अमलात गोव्यातली नगरपालिकासुद्धा ‘कामरा’च होती. रशियनमध्ये याच शब्दाचा एक अर्थ तुरुंगातली कोठडी. आणि स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणारे शिपाई ते ‘कामारादा’. त्यांचाच पुढे ‘कॉम्रेड’ झाला. लाल बावट्याखाली एकमेकांना अशी हाक मारणारी माणसं मुळात एका खोलीतले सोबती आहेत, हे मला फार आवडतं.

फोटोचा कॅमेरा त्यामानाने अलीकडचा. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक असलं, की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली त्याला ‘कामेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली म्हटलं. खोलीची पेटी झाली, १८३९ साली फ्रान्सच्या दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, आणि हळूहळू ‘अंधारी’ गळून नुसती ‘खोली’ उरली. कोर्टाने मात्र लॅटिनमधला जुना अर्थच धरून ठेवला: ‘इन कॅमेरा’, खोलीत. उघड्या न्यायालयाऐवजी न्यायाधीशांच्या दालनात.

आपल्याकडे ही खोली फुकट मिळालेली नाही. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या. त्यातून १९८३ साली कायदा बदलला आणि बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवणं बंधनकारक झालं. परवानगीशिवाय कामकाज छापायलाही बंदी आली. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ३६६ मध्ये आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम ३७ आहे. तिथे आईवडील किंवा मुलाचा भरवसा असलेलं माणूस जवळ बसू शकतं. हिंदू विवाह कायद्याखालचे घटस्फोटाचे दावेही असेच चालतात.

एवढ्या झगड्यानंतर मिळालेलं संरक्षण नुसत्या नावामुळे एखादीला धमकीसारखं वाटावं, याचा मला राग येतो. मराठी वर्तमानपत्रं अजूनही ‘इन कॅमेरा सुनावणी’ असंच छापतात. ‘बंद दाराआड सुनावणी’ छापायला काय हरकत आहे? तोवर साक्षीआधी मी पक्षकार बाईला रिकाम्या कोर्टहॉलमध्ये घेऊन जाते. कोण कुठे बसेल, दार कोण लावेल, पाणी कुणाकडे मागायचं, ते सगळं तिथेच उभं राहून सांगते.