कोऱ्या पानांवरचा वेचणीचा हिशोब

रविवार, १९ जानेवारी २०२५, रात्री साडेअकरा

आज बागेला आंबवणीचे, म्हणजे ताणानंतरचे पहिले हलके पाणी सुरू व्हायचे आहे. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी, डिसेंबरच्या मध्यापासून तोडलेले ओलीत महिन्याभराने आज पुन्हा सुरू होईल. शेतीच्या लाइनची या आठवड्यात रात्रपाळी असल्यामुळे वीज बारानंतर येते, म्हणून हे टॉर्च घेऊन विहिरीवर गेले आहेत. मोटर सुरू झाल्याचा त्यांचा फोन येईपर्यंत मला झोप लागत नाही आणि गेल्या ऑक्टोबरपासून जागरणाचा हा वेळ मी या वहीला दिला आहे. पंधरा वर्षांनी मी पुन्हा रोजनिशी लिहू लागले, त्याविषयी सविस्तर लिहायचे असे रोज ठरते आणि रोज दुसरेच काही लिहून होते. आज तेवढेच लिहिणार आहे.

पहिली वही १९९१ मधली, अठराव्या वर्षी माहेरी सुरू केलेली. शेवटची नोंद नोव्हेंबर २००९ ची. लिहिणे बंद पडायला एखादी मोठी घटना घडली नव्हती. दोन मुले लहान होती, सासूबाईंचे गुडघे धरले होते आणि अंगणवाडीत दिवसभर बालकांची वजने, गरोदर मातांच्या नोंदी, आहाराचे वाटप हे सगळे हाताने लिहून झाल्यावर रात्री पुन्हा पेन उचलावे असे वाटत नसे. पुढे २०२१ नंतर आमच्या बऱ्याचशा नोंदी मोबाइलवर गेल्या. हात मोकळा झाला, पण त्याची सवयही गेली. ऑक्टोबरमध्ये पहिले पान लिहिले तेव्हा अर्ध्या पानातच अंगठा दुखू लागला होता.

मधल्या वर्षांत मी रिकामी बसले नव्हते. मुलीने चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिल्यावर तिचे उरलेले जलरंग मी वापरायला घेतले, ते २०१४ मध्ये. मग तीन-चार वर्षे सुटीच्या दिवशी बागेत पाट टाकून मी संत्र्याची झाडे रंगवीत असे. २०१७ पासून गावातल्या महिला भजन मंडळात पेटी वाजवते. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगावी चालते, त्यांचा आश्रम असलेले मोझरी आणि जन्मगाव यावलीही आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, त्यामुळे खंजिरी वाजवणाऱ्या बाया गावात पुष्कळ होत्या, पेटीवर बसायला मात्र कोणी नव्हते. जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्याही शिवल्या. या प्रत्येक गोष्टीने मला फार दिले, आणि ती कुणाला तरी दाखवता येत होती, हाही त्यातला आनंद होता. चित्र भिंतीवर लागते, भजन गाव ऐकते, गोधडी अंगावर पांघरली जाते. रोजनिशीचे तसे काही नसते, म्हणून ती मागे पडली याचे मला फारसे वाईटही वाटत नव्हते.

गेल्या पितृपक्षात सासूबाईंच्या तिथीला मुलीचा अमरावतीहून फोन आला. स्वयंपाकाचे, पानाचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "आई, आजी बोलायची कशी गं? मला तिचा आवाज आठवतो, पण ती काय म्हणायची ते एकही आठवत नाही." सासूबाई २०१२ मध्ये गेल्या, तेव्हा ती दहा वर्षांची होती. मी काहीतरी सांगू लागले आणि दोन वाक्यांनंतर थांबले, कारण मी जे सांगत होते ते कोणत्याही घरातल्या कोणत्याही आजीविषयी सांगता आले असते. घरात माझी चित्रे होती, पण त्यांत झाडेच होती. मला माणसे काढता येत नाहीत. त्या रात्री मी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली.

अकरा वह्या शाबूत होत्या; बाकीच्या उधईने खाल्ल्या होत्या. आठवडाभर मी त्या वाचल्या आणि मला जे आढळले त्याने मी आतून हलले. "आज मन फार उदास होते." "आजचा दिवस खूप छान गेला." "माणसे अशी का वागतात, कळत नाही." पानेच्या पाने अशीच. उदास का होते, दिवस छान गेला म्हणजे काय झाले, कोणता माणूस कसा वागला, यातले काहीही त्या पानांवर नव्हते. अठरा वर्षे मी रोज रात्री दिवसाचा निकाल लिहून ठेवला होता आणि तो निकाल ज्यावरून दिला ते सगळे सोडून दिले होते. माझीच अक्षरे, माझेच घर, तरी त्या वाक्यांवरून एकही दिवस परत उभा राहत नव्हता.

सासूबाईंविषयीची शेवटची नोंद १३ नोव्हेंबर २००९ ची आहे: "यांच्या आईचा स्वभाव मला कधीच कळणार नाही. आज मन फार दुखावले." त्यानंतर वही कोरी, आणि दोन पाने सोडून यांच्या अक्षरात कापसाच्या वेचणीचा हिशोब. घरात कोरी पाने दिसली की हिशोबाला घ्यायची, ही शेतकऱ्याच्या घरातली रीतच आहे. २७ नोव्हेंबर, दुसरा वेचा, पाच बायांची नावे आणि त्यांच्यापुढे किलो: २३, १९, ३१, २६, १७. बेरीज ११६. सतराच्या शेजारी एक लहानशी फुली.

मला त्या पानावरून नजर काढता येईना. माझ्या सगळ्या उदास आणि छान दिवसांपेक्षा ते पाच आकडे जास्त बोलत होते. पऱ्हाटीतून ओटीत कापूस घेऊन येणाऱ्या त्या बाया, धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला काटा, संध्याकाळी गाठोडी बांधण्याची घाई, सगळे दिसू लागले. मी त्या दिवशी वावरात नव्हते, अंगणवाडीत होते, तरीही. फुलीचा अर्थ मात्र लागत नव्हता. यांना विचारले, तर यांना आठवेना.

त्या पाच जणींपैकी ३१ किलोवाली मावशी अजून आमच्याकडे वेचणीला येते. मागच्या महिन्यात तिला वही वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तिचं भरलं व्हतं बाराच किलो, बाई. लेकराले ताप व्हता म्हणून दुपारीच घरी गेली ते. तुमच्या सासूबाईनं काटा सोता धरला व्हता. बारा पायले, अन् तुमच्या मालकायले म्हणल्या, सतरा लिहा. कोनाले सांगू नका म्हणल्या."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. जिचा स्वभाव मला कधीच कळणार नाही असे मी त्या वेचणीच्या दोन आठवडे आधी लिहिले होते, ती त्याच वहीत दोन पानांपुढे होती आणि पंधरा वर्षे मी ते पान उलटले नव्हते. त्या दिवशी त्यांनी मला काय बोलून दुखावले, हे मला आज कितीही आठवले तरी आठवत नाही. आठवत नाही याचेच मला जास्त दुःख आहे, कारण तेवढे वाक्य लिहून ठेवले असते, तर त्यांचे तेही बोलणे आज मुलीला सांगता आले असते. कडू असते तरी ते त्यांचे होते.

आणखी एक गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही. आकडे खरे बोलतात असे मी समजत होते, आणि त्यातला एक आकडा मुद्दाम चुकीचा लिहिलेला होता. मावशीने सांगितले नसते, तर १७ हे १७ च राहिले असते. म्हणजे नुसती नोंदही पुरत नाही. ती सांगणारे माणूसही लागते, आणि ते माणूस आहे तोवर विचारावे लागते.

आमच्याच मोर्शी तालुक्यात लीळाचरित्राचे रिद्धपूर आहे, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. बी. ए. च्या पहिल्या वर्षी लीळाचरित्राविषयी परीक्षेपुरते वाचले होते, ते या दिवसांत पुन्हा काढून वाचले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या, त्या स्वामींच्या सहवासात राहिलेल्या एकेका माणसाला गाठून, विचारून. त्यात महदाइसेसारखी सतत प्रश्न विचारणारी बाई आहे. तिच्या प्रश्नांमुळे कितीतरी प्रसंग मराठीत उरले. पुढे मूळ पोथी हरवली, तेव्हा अनुयायांनी ती पाठांतरावरून पुन्हा लिहिली, आणि एखाद्या प्रसंगाविषयी दोघांची आठवण वेगळी असेल, तर दोन्ही नोंदवून ठेवल्याचे त्यात आढळते. विशीत मला हे किचकट वाटले होते. आता वाटते की माणसाविषयी लिहिण्याची इतकी सभ्य रीत दुसरी नसेल: अमक्याने असे सांगितले, तमक्याने तसे, आणि आपण मध्ये निकाल द्यायचा नाही.

म्हणून मी मावशीचे बोलणे तिच्याच शब्दांत वहीत उतरवले आणि खाली लिहिले, "सांगणारी मावशी. मी पाहिलेले नाही. यांना आठवत नाही." त्या तीन छोट्या वाक्यांनी मला जे समाधान दिले, ते अठरा वर्षांच्या वह्यांनी दिले नव्हते.

हे सुचले ते मधल्या वर्षांमुळे, असे मला मनापासून वाटते. २००९ मध्ये लिहिणे सुटले नसते, तर मी आजही "मन उदास होते" असेच लिहीत राहिले असते. जलरंगांनी मला प्रथम पाहायला लावले. बागेतले पहिले चित्र काढताना मी बोर्डो पेस्ट लावलेल्या बुंध्याला निळा रंग दिला, कारण आम्ही घरी त्याला निळा लेपच म्हणतो. डिंक्या रोगापासून झाड वाचवण्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी घेऊन ती पेस्ट मी दरवर्षी यांच्यासोबत कालवते, तरी तिचा रंग मी कधी पाहिलेला नव्हता. चित्र बुंध्याशेजारी धरले, तेव्हा कळले की वाळलेला लेप निळा नसून फिकट, चुनकट, कुठे हिरवट, आणि सालीच्या भेगांत तपकिरी आहे. आपल्याला नाव ठाऊक असते म्हणून आपण बघत नाही. "उदास" हेही माझ्या दिवसाला दिलेले तसेच एक नाव होते.

जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. ऊन दाखवायचे तर तिथला कागद कोरा सोडावा लागतो, आणि तो सुरुवातीपासून जपावा लागतो, कारण एकदा रंग पडला की कागदाचा पांढरेपणा पूर्ण परत येत नाही. पेटीनेही वेगळ्या मार्गाने हेच शिकवले. पहिल्या वर्षी मी गाणारीच्या प्रत्येक ओळीत सगळे स्वर भरून टाकीत असे. ती श्वास घेई, तेवढ्या जागेतही माझी बोटे धावत. मंडळातल्या सर्वांत वयस्क आजींनी एकदा भजन थांबवून माझ्या भात्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तिले दम घेऊ दे." मी भाता हलकेच चालवायला, मागे राहायला शिकले. पंधरा वर्षांची रिकामी जागा आता आठवणींनी कशीतरी भरून काढण्याचा मोह मला होतो, तेव्हा तो हात मला भात्यावर जाणवतो. जे मला ठाऊक आहे किंवा कुणी सांगितले आहे, तेवढेच मी लिहीन. बाकीचे पान कोरे राहील.

संध्याकाळी बागेत उभी असताना एक उपमा मनात आली होती: झाडाला ताण दिला की फुले येतात, तशी ही पंधरा वर्षे माझ्या लिहिण्याचा ताण होती. लिहायला बसले तेव्हा ती मला खरी वाटली नाही. ताण शेतकरी ठरवून देतो, जमीन हलकी की भारी ते पाहून दिवस मोजतो, पाने किती गळाली ते रोज बघतो आणि वेळेवर पाणी सोडतो. ताण लांबला, तर झाड वाळते. माझी वर्षे कुणी मोजून दिली नव्हती, आणि त्या काळात सासूबाई गेल्या, मुलांचे बालपण गेले, वेचणीच्या पाचपैकी दोघी गेल्या. त्यांच्या तोंडची वाक्ये कोणत्याही बहाराने परत येणार नाहीत. जे गमावले, ते गमावले असेच मी लिहून ठेवते.

आता रोज काय लिहिते, ते मागची काही पाने उलटून पाहिले. अंगणवाडीतले एक बाळ तीन महिन्यांनी आठ किलो दोनशे ग्रॅम भरले, तेव्हा त्याची आई काट्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. शेजारच्या आजोबांनी तुरीच्या ढिगाला सोंगणीनंतर हात जोडले. मुलीने फोनवर हसताना श्वास आत ओढला, आणि ते हसणे सासूबाईंचे आहे, हे मला पहिल्यांदाच ऐकू आले. या नोंदींत मी कुठे आहे, असे कुणी विचारले, तर मला सांगता यायचे नाही, पण जुन्या वह्यांपेक्षा यांत मी जास्त सापडेन असे वाटते.

बारा चाळीसला यांचा फोन आला. लाइन आली, मोटर सुरू झाली, पहिल्या ओळीत पाणी पोचले. गार आहे, शाल पाठव म्हणाले. मुलाला उठवून पाठवले.

पानावरची ती १७ किलोवाली बाई हयात आहे. ती आता मुलाकडे, शेजारच्या गावी असते आणि मंगळवारच्या बाजाराला येते, असे मावशीने आज सांगितले. त्या दिवशी पैसे हातात पडल्यावर तिच्या ते लक्षात आले होते का आणि ती सासूबाईंना काही बोलली होती का, हे तिला विचारायचे आहे. वही सोबत नेईन.