डोळ्यातला ठिपका : आमच्या स्टुडिओची वाटचाल

पेणच्या बाजारात आमचा स्टुडिओ सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. गाळा लांबट, अंधारा, पण मागच्या खोलीला उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती. घरमालकाच्या लेखी ती खोली अडगळीची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाळा घेतला तो त्या खिडकीसाठी. तिथून वर्षाचा बराच काळ थेट ऊन शिरत नाही, दिवसभर मऊ उजेड येतो. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी जराशी खिडकीकडे वळवायची, की दोन्ही बुबुळांत खिडकीचा छोटासा चौकोन उमटतो. ती चमक दिसेपर्यंत अण्णा बटण दाबत नसत. त्याला कॅचलाइट म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमच्याकडे तो ‘ठिपका’च होता, आणि आजही आहे.

हा शब्द आमच्या गावातूनच आला. अण्णांचे एक मित्र गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. श्रावणात मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. रंगकाम झालेल्या मूर्तींची रांग असायची, सगळ्यांचे डोळे कोरे. काका आधी पापणीची रेघ ओढायचे, मग बुबुळ, मग काळी बाहुली. शेवटी मोजक्या केसांचा ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून, श्वास रोखून एकेक टिंब ठेवायचे. त्या क्षणापर्यंत समोर मूर्ती असायची. टिंब पडलं की ती आपल्याकडे बघू लागायची. एकदा ते अण्णांना म्हणाले, “माझा ठिपका मी हाताने ठेवतो, तुझा उजेडाने ठेवायचा असतो. जागा मात्र एकच.” ती जागा म्हणजे बाहुलीच्या जरा वर, घड्याळात दहा किंवा दोन वाजतात तिथे. उजेड नेहमी वरून येतो याची नजरेला सवय आहे. ठिपका खाली गेला की चेहरा शेकोटीपुढे बसल्यासारखा दिसतो.

पुढे पावसाळ्यातल्या अंधारासाठी 500 वॅटचे दोन दिवे घेतले, दोन बाजूंना सारख्या अंतरावर. सावल्या गेल्या, पण प्रत्येक डोळ्यात दोन-दोन ठिपके आले आणि नजर फाटल्यासारखी दिसू लागली. नको असलेला ठिपका अण्णा बारीक ब्रशने काळ्या रंगात बुजवायचे. कुठे ठिपका आलाच नसेल, तर अर्ध्या ब्लेडच्या टोकाने प्रिंटवरचा थर किंचित खरवडायचे, खालचा पांढरा कागद दिसेल इतकाच. एक जास्तीचा ओरखडा, की प्रिंट वाया. त्या ब्लेडवर विसंबायचं नाही म्हणून त्यांनी दिव्यांची मांडणीच बदलली : एक दिवा मुख्य, आणि दुसऱ्याच्या जागी त्याचा उजेड परतवायला पांढरा थर्माकोल. आमचं काम तिथून सुधारलं.

नंतर फ्लॅश आले, त्यांचा उजेड पसरवणाऱ्या छत्र्या आल्या, सॉफ्टबॉक्स आला, म्हणजे पुढे पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी. छत्रीचा ठिपका मला कधीच आवडला नाही. जवळून काढलेल्या फोटोत तिच्या काड्यासुद्धा डोळ्यात मोजता येतात. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग बाहेर फुगलेल्या छोट्या आरशासारखा असतो, समोरची प्रत्येक उजळ वस्तू तो लहान करून दाखवतो. माझ्या मुलीने एकदा कागदावर हिशोब मांडला : तीन फुटी सॉफ्टबॉक्स चार फुटांवर असेल तर डोळ्यात त्याचं प्रतिबिंब जेमतेम 3 मिलिमीटरचं, तोच दहा फुटांवर नेला तर 1 मिलिमीटरहून थोडं जास्त. बुबुळ असतं साधारण 12 मिलिमीटरचं. दिवा जवळ ओढला की चेहरा का खुलतो, हे अण्णांना सरावाने माहीत होतं. त्याचं गणित आम्हाला तिच्यामुळे मिळालं.

कॉम्प्युटर आला तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. एका लग्नाच्या फोटोत नवरीचा एक डोळा मिटल्यासारखा आला होता. मी दुसरा डोळा उचलला, आरशासारखा उलटा केला आणि तिथे बसवला. अल्बम गेला. आठ दिवसांनी नवरीची आई परत आली. म्हणाली, “दादा, ही आमचीच आहे, पण तिरळी का दिसते?” मी पाहिलं तर एका डोळ्यातला ठिपका डावीकडे, दुसऱ्यातला उजवीकडे. एका दिव्याचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडतो, आणि मी तो समोरासमोर लावून ठेवला होता. ते पान मी पदरच्या पैशाने नव्याने करून दिलं. ते जुनं पान अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आमच्याकडचं सगळ्यात जबाबदारीचं काम म्हणजे हाराचे फोटो. घरातलं माणूस गेलेलं असतं आणि त्याचा धड एक फोटो नसतो. लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात, भर दुपारी मांडवाबाहेर काढलेला. ऊन डोक्यावर, भुवयांची सावली डोळ्यांत, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. चेहरा मोठा करून दिला की घरचे म्हणतात, “बाबा असे नव्हते हो.” त्यांना कमी काय ते सांगता येत नाही, पण कमी असतो तो ठिपका. आम्ही आधी नाकाची सावली कुठे पडली आहे ते बघतो, उजेड कुठून होता ते ठरवतो आणि त्याच बाजूला हलकासा ठिपका ठेवतो, पांढराशुभ्र नाही, थोडा मळकट. जास्त चमकवला की माणूस परका होतो. या कामाला घाई चालत नाही, आणि मी ते कारागिरावर टाकत नाही.

ही वेळ येऊच नये म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही आपणहून सांगतो, या आणि एक चांगला फोटो काढून ठेवा. त्यांचे डोळे खोल गेलेले असतात, वरचा उजेड आत पोचत नाही. तिथे मी लेन्सच्या अगदी शेजारी एक मंद दिवा लावतो. ही युक्ती सिनेमावाल्यांची. मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर अपघाताचे व्रण होते. 1944 च्या एका हॉलिवूडपटात छायालेखक लुसियन बॅलर्ड यांनी ते लपवण्यासाठी कॅमेऱ्यालगत असा दिवा लावला, आणि तो तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आमच्या आज्यांच्या सुरकुत्या मला लपवायच्या नसतात, म्हणून मी तो अगदी मंद ठेवतो. मांडीवर थर्माकोल देतो. चष्मा असेल तर दांड्या कानावर थोड्या उचलतो. काच खाली झुकते, तिच्यावरची चकाकी जाते आणि डोळा मोकळा होतो.

रिंगलाइट मात्र आम्ही पोर्ट्रेटला वापरत नाही. डोळ्यात गोल कडं दिसतं, आणि माणसाआधी दिवाच नजरेत भरतो. तरुण मुलं मागतात, त्यांना मी खिडकीपाशी बसवून एक फोटो काढून दाखवतो. बहुतेक जण तोच घेऊन जातात.

आता जुना गाळा सोडावा लागणार आहे, इमारत पाडायची आहे. मुलीने आणि मी चार जागा पाहिल्या. अण्णा ऐंशीच्या पुढे आहेत, तरी चौथ्या जागेला आमच्याबरोबर आले. दुपारी तीनची वेळ होती. घरमालक भाडं आणि डिपॉझिटचं बोलत होता. अण्णांनी कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल खिडकीपासून चार फुटांवर ओढलं, नातीला त्यावर बसवलं आणि तिच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. मग मला हाक मारून म्हणाले, “ये, बघ.”