नोंदीतला नंबर नवऱ्याचा

संध्याकाळी रक्ताचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. उपकेंद्राच्या आत रेंज नसते, मागे टाकीजवळ गेलं की पीडीएफ उघडते. त्या दिवशी एका नावापुढे हिमोग्लोबिन ५.४. नववा महिना. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. अशा बाईला बाळंतपणात थोडं रक्त गेलेलंही झेपत नाही. रक्त चढवायची सोय असलेल्या दवाखान्यात ती कळा सुरू व्हायच्या आत पोचलीच पाहिजे.

नोंदीतला नंबर लावला. उचलला नवऱ्याने, भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होतात आणि आमच्या नोंदीतले नंबरही भट्टीवर जातात. तो एकच विचारत राहिला, "शिस्टर, ती जिवंत हाय ना?" आशाताईंचा फोन बंद, पाड्यावर आदल्या दिवसापासून वीज नव्हती. शेवटी नवऱ्यानेच दुकानदाराचा नंबर दिला. दुकानदाराने पोराला आशाताईंकडे पिटाळलं. मी १०२ ची रुग्णवाहिका मागवली, पण ती पाड्यापर्यंत चढत नाही, म्हणून बाईला डांबरी रस्त्यापर्यंत आणायला जीपवाला गाठला. या सगळ्यात कानाशी टिंग टिंग चालूच: आजच्या सत्राचे जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो का आले नाहीत? फोटो मोजून काम झालं असं समजणाऱ्या वरिष्ठांचा मला मनापासून राग येतो. त्या संध्याकाळचा एकही फोटो नाही. कामाला आले ते साधे कॉल.

गाडी निघाल्यावर आशाताईंनी ड्रायव्हरचा फोन तिच्या हातात दिला. तोवर मी नवरा, दुकानदार, जीपवाला, ड्रायव्हर, डॉक्टर सगळ्यांशी तिच्याबद्दल बोलले होते. ती म्हणाली, "बाई, मला काय झालंय? कुणी सांगंना."

मग तिला सगळं नीट सांगितलं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. बाळ वजनाने कमी, पण रडलं जोरात.

आता नवीन नोंदणी करताना मी रजिस्टरच्या समासात दुकानदार, शेजारी, जीपवाला, सगळ्यांचे नंबर लिहून घेते. दुकानदाराला मी "रिपोर्ट आलाय, आशाताईंना बोलवा" एवढंच म्हटलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी "तिच्या अंगात रक्तच नाही" हे पाडाभर झालं होतं. बाईकडे स्वतःचा फोन नसेल तर तिचा रिपोर्ट आधी तिलाच कळावा कसा, हे मी अजून आशाताईंशी बोलतेच आहे.