काटा काही हलेना

तुम्ही रोज सकाळी चालायला जाता हे सोसायटीत एकदा कळलं की तुमचं वजन तुमचं राहत नाही, ते सगळ्या बिल्डिंगचं होतं. लिफ्टमध्ये, जिन्यात, कचऱ्याची बादली बाहेर ठेवताना, कुठेही गाठतात. "काय वहिनी, किती उतरलं?" मी सांगते, दीड किलो. "वा! महिन्यात?" नाही हो, होळीपासून. आणि आता गणपती येऊन गेले. त्यावर समोरची बाई जो चेहरा करते ना तो मला पाठ झालाय, आधी कीव येते आणि मग संशय, की ही नक्की दार लावून काहीतरी चरते.

तर नाही चरत. चहा बिनसाखरेचा झाला त्याला जमाना झाला, दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी, वाटीभर उसळ, कोशिंबीर, ताक, मासे तव्यावर जेमतेम तेल सोडून (सुरमई रव्यात न घोळवता भाजणं हा त्या सुरमईवर अन्याय आहे हे माझं मत अजूनही कायम आहे). सकाळी तासभर झपझप चालायचं, आठवड्यातून दोनतीनदा घरीच डंबेल्स. पार्ले स्टेशनबाहेर वडे तळत असतात तिथून मी जवळजवळ पळतच जाते. आणि एवढं करून काटा ढिम्म. हललाच तर कधी कधी उलट्या दिशेनेही हलतो.

उपायांची काही कमी नाहीये. आमच्या चर्चगेट स्लोच्या लेडीज डब्यात जेवढ्या आहारतज्ज्ञ आहेत तेवढ्या कुठल्या हॉस्पिटलातही नसतील. जिऱ्याचं पाणी, भिजवलेली मेथी, गरम पाण्यात लिंबू-मध, रात्री नुसतं सूप. एकीने दुधीचा रस सुचवला तर दुसरीनेच तिला गप्प केलं, की दुधी कडू निघाला तर थेट हॉस्पिटल, आणि ते खरंच आहे, कडू दुधीचा रस विषारी असतो, पहिल्याच घोटाला थुंकून टाकायचा असतो. मग दीक्षित की दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा, मधे तोंड चालवायचं नाही. ऋजुता दिवेकर सांगतात थोड्या थोड्या वेळाने खा, तुपाला घाबरू नका, आजी खायची ते खा. डब्यात दोन्हीकडची कट्टर मंडळी आहेत, खारपासून माहीमपर्यंत वाद रंगतो आणि दादर यायच्या आत कोणाचातरी वाढदिवस निघतो, पिशवीतून समोसे निघतात आणि दोन्ही पक्ष एकदिलाने खातात. हल्ली एक तिसरा पक्षही आलाय, इंजेक्शनवाला. २०२५ मध्ये मुंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात मिळायला लागल्यापासून प्रत्येकीच्या ओळखीत कोणाचीतरी जाऊ ते घेते, स्वतः मात्र कोणीच घेत नाही.

मी पडले कॉमर्सची, म्हटलं आपण सरळ हिशेबच मांडू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. माझ्या वजनाच्या बाईने तासभर, म्हणजे पाचेक किलोमीटर चाललं तर अडीचशेच्या आसपास जळतात, आणि त्यातल्या काही तर ती नुसती सोफ्यावर बसली असती तरी जळल्याच असत्या. एका वडापावात तीनशेच्या आगेमागे. म्हणजे तासभर घाम गाळून अख्खा वडापावसुद्धा फिटत नाही, पावाचा कोपरा उधारीवर राहतो! बरं, समजा खाणं आणि चालणं दोन्ही धरून रोज दोनशेची तूट ठेवली, तर ७७०० भागिले २००, आले ३८ दिवस. एका किलोला ३८ दिवस, दिवसाला २६ ग्रॅम. आणि हे सगळं सुरळीत चाललं तर हां, म्हणजे लग्न नाही, बारसं नाही, ऑफिसात केक नाही आणि पावसाने चालणं बुडालं नाही. मुंबईत. जुलै महिन्यात.

आता गंमत बघा. माझ्या बाथरूममधला काटा दाखवतो शंभर-शंभर ग्रॅमने. आणि शरीर रोजच्या रोज किलोभर इकडचं तिकडे करत असतं. रात्री लोणचं-पापड झालं की मीठ पाणी धरून ठेवतं, सकाळी काटा वर. डंबेल्स जरा जोरात उचलले, दंड दुखले, त्या दुखऱ्या स्नायूंत पाणी आलं, काटा वर. पाळी यायच्या आधी वर, पोट साफ नसेल तर वर. असल्या किलोभर उड्या मारणाऱ्या आकड्यात २६ ग्रॅम शोधायचे म्हणजे विरार लोकलमध्ये पडलेलं कानातलं शोधण्यातला प्रकार. महिन्याभराचे आकडे एकाखाली एक लिहिले, त्यांची सरासरी काढून मागच्या महिन्याच्या सरासरीशेजारी ठेवली, तर कुठे ते उतरणं दिसतं. दिसतं म्हणजे काय, भिंग लावून.

त्यापेक्षा स्टेशनवरचं ते जुनं वजनाचं मशीन बरं होतं. प्लॅटफॉर्मवर लाल-पिवळे दिवे लुकलुकत उभं असायचं, काचेआड चक्र फिरायचं, चक्र थांबेपर्यंत नाणं टाकायचं नाही असा दंडक होता, घाई केली की नाणं गेलं. मग खट्कन जाड पुठ्ठ्याचं छोटंसं तिकीट खाली पडायचं. वजन छापलेलं आणि सोबत भविष्य. तुम्ही स्वभावाने मनमिळाऊ आहात, लवकरच धनलाभ होईल. आईबरोबर मामाकडे जाताना मी हट्टाने चढायचे आणि वजन सोडून बाकी सगळं वाचायचे. पायात चप्पल, खांद्यावर पिशवी, हातात पाण्याची बाटली, सगळ्यासकट वजन! आणि कोणालाही त्याचं काही वाटायचं नाही, वाढलं असलं तर उलट आई खूश.

मग प्रश्न येतो की आठवड्यात तीन-तीन किलो उतरवणाऱ्या बायका काय करतात. त्याचं उत्तरही पाण्यातच आहे. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये चारपाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा वापरून संपत येतो, त्याच्याबरोबर पाणी जातं, काटा धाडकन खाली येतो आणि व्हॉट्सॲपवर फोटो पडतो. पुढच्या आठवड्यात मुंजीत जिलबी-मठ्ठा झाला की पाणी घरी परत. ट्रेनच्या दाराशी, मूळव्याध आणि घरबसल्या कमवा यांच्या मधोमध, सात दिवसांत सात किलोची जी पत्रकं चिकटवलेली असतात ती याच पाण्यावर चालत असणार असा माझा दाट संशय आहे. पण लोकांना तेच हवं असतं. धाडकन उतरलेल्या वजनाची गोष्ट सांगता येते, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. होळीपासून दीड किलोचा काय फोटो टाकणार, दोन्हीत मी तशीच दिसते, फक्त ड्रेस वेगळा.

आणि तो ३८ दिवसांचा भागाकारसुद्धा तितका सरळ नाहीये. त्यात आपण धरून चालतो की शरीर रोज तेवढंच खर्च करत राहणार. ते कसलं करतंय. घरात पगार कमी यायला लागला की आई कोणाला न सांगता हात आखडता घ्यायची, दूध अर्धा लिटर कमी, दुपारी पंखा बंद, नवा टॉवेल पुढच्या वर्षी, आणि आम्हाला पत्ताही लागायचा नाही, शरीर अगदी तसंच करतं. वजन उतरलं की मुळात कमी लागतं हे झालंच, पण त्याच्यावर वेगळी काटकसर. सकाळी खूप चालून आलेला माणूस नंतर दिवसभर नकळत कमी हलतो, कमी उठबस करतो. परवा पाच किलोमीटर चालून आले आणि पहिल्या मजल्यावर जायला पाच मिनिटं लिफ्टची वाट बघत उभी होते, ते वॉचमनकाकांनी दाखवून दिलं.

अमेरिकेत 'द बिगेस्ट लूजर' म्हणून टीव्ही शो होता, त्यात लोक काही महिन्यांत ढिगाने वजन उतरवायचे. त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं, २०१६ मध्ये ते छापून आलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं, आणि तरीही बसल्या जागी त्यांचं शरीर त्यांच्या आकाराच्या माणसाने खर्च करायला हव्यात त्यापेक्षा रोज पाचशेच्या आसपास कॅलरी कमीच खर्च करत होतं. सहा वर्षांनीसुद्धा! आईने तरी पगार रुळावर आल्यावर दूध वाढवलं होतं.

बरं, उतरते ती चरबी जाते कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, घामातून जात असेल असं धरून चालले होते. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ मध्ये याचा पूर्ण हिशेब मांडला. दहा किलो चरबी जळली की त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यांनी दीडशे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि ट्रेनर लोकांना हाच प्रश्न विचारला होता, बहुतेकांचं उत्तर चुकलं. तेव्हापासून संध्याकाळच्या गर्दीत, एकीची कोपर बरगडीत आणि दुसरीची वेणी तोंडात अशा अवस्थेत उभी असताना माझ्या मनात येतं की आत्ता या डब्यात शंभरेक बायकांची उतरलेली चरबी हवेत तरंगतेय आणि आपण ती आत घेतोय. घेतली तरी ती अंगाला लागत नाही, तेवढंच नशीब.

नुसत्या आकड्यावर कोणी उड्या मारू नये यासाठी माझ्याकडे एक हुकमी गोष्ट आहे, ती मी बारीक लोकांना ऐकवते. पुण्याच्या केईएमचे (आपलं परळचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटोच छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. उंची-वजनाचा हिशेब तोच, आतला माल वेगळा. आपण भारतीय वरून सडपातळ आणि आतून चरबीवाले असू शकतो, आणि ती बसते नेमकी पोटावर. म्हणून आपल्याकडे डॉक्टर काट्याबरोबर टेप पण घेतात, बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९०च्या आत हवी म्हणतात. हे ऐकवल्यावर बारीक लोक पोट आत घेतात.

माझ्यातला फरक आजवर फक्त दोन माणसांनी ओळखला. एक आमची मासेवाली, तिने बांगडे साफ करता करता मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "बारीक झाली गो ताय, बरी हाईस ना?" मी बरी आहे म्हटलं तरी तिला पटलं नाही, दोन बांगडे जास्त टाकले.

दुसरे आमचे ब्लाउजचे मास्तर. त्यांच्याकडे एक लांबट रजिस्टर आहे, कडा काळ्या पडलेल्या, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानावर बॉलपेनने मापं आणि कोपऱ्यात टाचणीने टोचलेला कापडाचा तुकडा. माझ्या पानावर लग्नापासूनची मापं आहेत, जुनं खोडून शेजारी नवं, आणि प्रत्येक नवं जुन्यापेक्षा मोठं, त्या पानावर आजपर्यंत एकदाही उलटं झालेलं नव्हतं. मास्तरांनी कंबरेला टेप लावली, आकडा बघितला, रजिस्टरात बघितलं, टेप झटकून परत लावली. कानावरची पेन्सिल काढली. "मॅडम, दीड इंच कमी येतंय." वजन विचारलं नाही. दीड किलोत दीड इंच कसं, हेही नाही. मी मनात म्हटलं, डंबेल्सचे पैसे फिटले, चरबी गेली तिथे थोडे स्नायू आले असणार, काट्याला दोन्ही सारखेच. त्यांनी जुनं माप खोडलं, नवं लिहिलं, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "शिवतो याच मापाने, पण आत दोन्ही बाजूंना कापड सोडतो चांगलं. दिवाळी आहे ना पुढे."

मी म्हटलं, सोडा.