अल्बस, अल्बा, अल्बम

वनस्पती उद्यानात गेल्यावर झाडांपेक्षा त्यांच्या पायथ्याशी रोवलेल्या पाट्या वाचण्यातच माझा अधिक वेळ जातो, अशी माझ्याबरोबर येणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. तिरक्या अक्षरांतली ती शास्त्रीय जोडनावे प्रथम वाचताना भारदस्त वाटतात. पण शब्दकोश घेऊन बसले की हा भारदस्तपणा भराभर उतरू लागतो. रॅननक्युलस म्हणजे छोटा बेडूक, कारण त्याच्या पुष्कळ जाती ओलसर जागी वाढतात. मायोसोटिस म्हणजे उंदराचा कान. ग्लॅडिओलस म्हणजे लहानशी तलवार. आणि महागड्या पुष्पगुच्छांत मिरवणाऱ्या ऑर्किडच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द ‘ऑर्खिस’ म्हणजे चक्क वृषण. जमिनीखालच्या जोडकंदांवरून पडलेले हे नाव थिओफ्रॅस्टस या प्राचीन ग्रीक अभ्यासकाच्या लेखनातही आढळते. पुष्पगुच्छ देणाऱ्याला हे सांगण्याचा मोह आवरावा लागतो.

या सगळ्यांत मला विशेष आवडते ते पक्ष्यांच्या नावांचे त्रिकूट. जेरेनियमची फुले गळून गेली की मागे उरणारे फळ लांब चोचीसारखे निमुळते होते, म्हणून ग्रीक ‘गेरानोस’, म्हणजे क्रौंच, या पक्ष्यावरून त्याचे नाव पडले. पुढे याच कुळातल्या काही वनस्पती वेगळ्या काढण्याची वेळ आली, तेव्हा तोच धागा धरून ‘पेलार्गोस’ म्हणजे करकोचा यावरून पेलार्गोनियम आणि ‘एरोडिओस’ म्हणजे बगळा यावरून एरोडियम अशी नावे योजली गेली. एरोडियमची चोच वाळली की उभी चिरते आणि प्रत्येक बीज आपली लांब शेपटी घेऊन सुटे होते. ही शेपटी कोरड्या हवेत मळसूत्रासारखी पिळली जाते, दमट हवेत पुन्हा उलगडते आणि या पिळण्या-उलगडण्यातून बी हळूहळू मातीत शिरते. गंमत म्हणजे रोपवाटिकांत ज्याला सर्रास ‘जेरेनियम’ म्हणतात तो बहुधा पेलार्गोनियम असतो, म्हणजे क्रौंचाच्या नावाने करकोचाच विकला जातो.

दोन शब्दांची ही शिस्त स्वीडनच्या कार्ल लिनिअसने 1753 च्या ‘स्पीशीज प्लँटेरम’ या ग्रंथात सर्व वनस्पतींना लावली. त्यापूर्वीचे नाव म्हणजे एक छोटेखानी वर्णनच असे. आज फिजॅलिस अँग्युलाटा एवढ्यावर ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीला तेव्हा ‘वर्षायू, अतिशय फांद्यांची, कोनदार व गुळगुळीत फांद्यांची, दातेरी पानांची फिजॅलिस’ अशा अर्थाचे लांबलचक लॅटिन वाक्य म्हणावे लागे. लिनिअसने त्यातला एक कोन तेवढा ठेवला आणि बाकीचे वर्णन ग्रंथाच्या मजकुरात सोडून दिले.

या नावांच्या व्याकरणात मराठी वाचकाला एक सोय आपोआप मिळते, तिची मात्र फारशी वाच्यता होत नाही. लॅटिनमध्ये तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. ल्युपिनस अल्बस, मोरस अल्बा, चेनोपोडियम अल्बम ही नावे ओळीने वाचली की इंग्रजी वाचणारा गोंधळतो. आपल्याला ते सरळ पांढरा, पांढरी, पांढरे असे ऐकू येते. राहता राहिला प्रश्न मोरसचा, म्हणजे तुतीचा, कारण ‘-अस’ने संपणारा शब्द पुल्लिंगी असायला हवा असे वाटते. पण रोमन लोक बहुतेक झाडांना स्त्रीलिंगी मानत, आणि वनस्पतिशास्त्राने तो रिवाज जसाच्या तसा उचलला. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा होतो, रिलिजिओसस होत नाही. आणि ही सगळी भाषा मुळात लॅटिन आहे असेही नाही: ‘धत्तूर’ लॅटिन अंगरखा घालून दतुरा झाला आहे.

माणसांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या नावांबद्दल मला तेवढे प्रेम नाही. डाल, बेगाँ, मॅन्योल ही मंडळी थोर असतीलही, पण डेलिया, बेगोनिया किंवा मॅग्नोलिया या नावांतून त्या फुलांविषयी काहीच कळत नाही. हेलिअँथस म्हटले की निदान सूर्य आणि फूल दोन्ही समोर येतात.

नवी जात जाहीर करताना तिचे वर्णन किंवा इतर जातींपासूनचे तिचे वेगळेपण सांगणारी टीप लॅटिनमध्येच द्यावी, असा नियम 1935 पासून होता. 2012 पासून त्यासाठी इंग्रजीही चालते. नाव मात्र अजूनही लॅटिन घडणीचेच लागते, आणि एकदा रीतसर प्रसिद्ध झालेले नाव केवळ अयोग्य आहे म्हणून टाकता येत नाही. होहोबाचे झुडूप अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आणि मेक्सिकोतल्या वाळवंटांचे. तरी 1822 मध्ये त्याला ‘चीनचे’ या अर्थाचे चायनेन्सिस हे विशेषण चिकटले. थॉमस नटॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1844 मध्ये त्याच झुडपाला सिमंड्सिया कॅलिफोर्निका असे समजूतदार नाव दिले होते. परंतु जातीच्या विशेषणाबाबत आधीच्याचा हक्क मोठा, म्हणून 1907 मध्ये दोन्हींची सांगड घालताना नटॉलचे सिमंड्सिया राहिले, कॅलिफोर्निया गळाले आणि चीन कायम झाला.