काकूंची एसीची फाईल

मी मूळचा अकोल्याचा, एसीचं काम तिकडंच शिकलो आणि मग वसईला आलो. पहिल्याच मे महिन्यात डोकं चक्रावलं होतं. आमच्याकडं 45 डिग्रीत अंगाची लाहीलाही होते, पण साधा कूलरसुद्धा झकास चालतो, आणि एसी लावला तर ड्रेनच्या पायपातून थेंब थेंब पाणी. इकडं टेंपरेचर 34, म्हणजे आमचा मार्च, आणि पायपातून नळ सोडल्यासारखी धार, तरी कस्टमर म्हणतंय खोली थंडच होत नाही. मला वाटायचं हे लोकच नाजूक आहेत. दोन सीझन गेल्यावर माझी समजूत फिटली.

तर ही गोष्ट गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यातली. पाऊस येतो येतो म्हणून नुसता हुलकावण्या देत होता, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि माझे त्या दिवशीचे हे सातवे कस्टमर. खाडीच्या बाजूची बिल्डिंग, चौथा मजला, लिफ्ट बंद. दार उघडल्या उघडल्या काकू म्हणाल्या, "हे बघ बाळा, गॅस भरायचा असेल तर आल्या पावली परत जा."

बेडरूममध्ये गेलो. दीड टनाचा स्प्लिट, रिमोटवर 18, फॅन फुल्ल, आणि खोलीत 26 डिग्री. थंड तर वाटत होतं पण ते कसं, ओला टॉवेल अंगावर टाकल्यासारखं. बेडशीटला हात लावला तर दमट. कपाटाच्या मागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके. काकांच्या चामडी चपलांवर पांढरी बुरशी आलेली, काकूंनी मुद्दाम आणून दाखवली.

फिल्टर साफ, कॉईल साफ. आउटडोअरला गेज लावला, आर-32 गॅसची मशीन, प्रेशर 145 पीएसआयच्या आसपास, म्हणजे गॅस पुरेसा, अँपिअर बरोबर. आत जाणारी हवा 26, ग्रिलमधून बाहेर 17. आता इथंच आमच्या धंद्यातली गोम आहे. कोरड्या हवेत हा फरक बारा-तेरा डिग्रीसुद्धा मिळतो, दमट हवेत नऊ मिळाला तरी मशीन ठणठणीत असते, पण घाईतला मेकॅनिक ग्रिलला हात लावतो, "म्हणावं तसं कूलिंग नाही" म्हणतो आणि गॅस भरायला सिलिंडर काढतो. काही लीक नसताना. कस्टमरलाही बरं वाटतं, काहीतरी केलं बुवा.

मी म्हटलं काकू एक बादली द्या, ज्याच्यावर लिटरचे आकडे आहेत अशी. बाल्कनीत ड्रेनचा पाईप बादलीत सोडला आणि घड्याळ लावून बसलो. तासाभरात 2 लिटर. हे पाणी खोलीतल्या हवेतलं बरं का, थंड कॉईलवर जमतं. आणि ते फुकट जमत नाही, 1 लिटर पाणी हवेतून काढायला मशीनची साधारण 680 वॉटचं कूलिंग तासभर खर्च होतं. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅट धरा, त्यातला पाव भाग खोली थंड करायच्या ऐवजी बादली भरण्यात जात होता. मशीनला स्टार देताना जी टेस्ट करतात त्यात खोली 27 डिग्री आणि वेट बल्ब (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा) 19 धरतात, म्हणजे दमटपणा जेमतेम 47 टक्के. माझ्या मीटरवर काकूंच्या बेडरूमचा आकडा होता 76, तोही एसी चालू असताना.

पण मला खटकत होतं ते वेगळंच. दार-खिडक्या बंद असल्या तर पहिल्या तासाला धो धो येतं, मग खोली कोरडी होत जाते तशी धार बारीक होते. इथं एसी सकाळपासून चालू आणि धार तश्शीच. म्हणजे ओलावा कुठून तरी आत येत राहिला होता. मला वाटलं ओले कपडे आत वाळत घालतात की काय, पण तसंही नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली. एसी बंद पडला, पंखा बंद पडला, आणि अजून एक घुर्र आवाज बंद पडला जो इतका वेळ माझ्या लक्षातच आला नव्हता. लाईट आली तेव्हा आधी तोच आवाज सुरू झाला. बेडरूमला लागून जे बाथरूम आहे त्यातला एक्झॉस्ट फॅन.

देव्हाऱ्यातली उदबत्ती मागितली. बाथरूमच्या दाराला खाली जाळी होती, तिथं धरली तर धूर सरळ रेषेत आत ओढला गेला. मग स्लायडिंग खिडकीच्या फटीशी धरली, धूर खोलीत ढकलला जातोय. सगळा खुलासा झाला. फॅन खोलीतली गार हवा बाहेर फेकतोय, आणि तेवढीच खाडीवरची ओली हवा फटीतून आत. एसी दिवसभर खाडी उपसत होता.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "तो तर दोन वर्षं चोवीस तास चालू आहे. बाथरूमला वास मारतो ना म्हणून."

फॅन बंद केला, खिडकीच्या फटीत फोमची पट्टी बसवली, रिमोट 25 वर आणि फॅन लो. (फॅन फुल्ल ठेवला की कॉईल तेवढी गार राहत नाही आणि पाणी कमी धरते, हे कुणाला पटतच नाही, सगळ्यांना वारा पाहिजे.) चहा झाला, गप्पा झाल्या, दोन तासांनी मीटर 58 वर आणि काका झोपेतच पायाशी चादर शोधत होते.

मग काकूंनी फाईल काढली. एसीची वेगळी फाईल, सगळी बिलं पंच केलेली. दोन वर्षांत तीनदा गॅस चार्जिंग. पहिली दोन बिलं कुठली कुठली होती. तिसरं बघितलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आमच्याच दुकानाचा शिक्का, 2,800 रुपये, खाली माझ्या हेल्परची सही. त्या आठवड्यात रोज बारा-बारा कॉल होते, मीच त्याला फोनवर म्हटलं असणार, प्रेशर बघ आणि मार थोडा गॅस.

काकूंना कधीच माहीत होतं. "म्हटलं बघू, मालक स्वतः आला तर काय करतो."

पैसे परत देऊ केले, त्यांनी आजच्या व्हिजिटमध्ये वळते करून घेतले, वर उरलेल्यात पुढची सर्व्हिस. चोख हिशोब.

बूट घालत होतो तेव्हा मागनं आवाज, "अरे पण आता फॅन बंद, मग त्या वासाचं काय?" परत आत गेलो. ते बाथरूम कोणी वापरतच नव्हतं, काकांचे गुडघे गेलेत, ते दुसऱ्यात जातात. नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतल्या ज्या खळग्यात पाणी साठून राहतं त्याची जाळी उचलली, आत ठणठणीत कोरडं. पाणीच नाही तर गटाराचा वास अडणार कसा, वर हा फॅन तो वास पायपातून ओढून घेत होता. दोन मग पाणी ओतलं आणि काकूंना सांगितलं, दर चार दिवसांनी एवढं करायचं.

"आणि बादलीतलं ते एसीचं पाणी ओतलं तर चालेल?"